वाऱ्याचा आडोसा

विभागप्रमुख नगरकर सरांनी बंगल्याच्या अंगणात दोन बर्नर मांडले होते. घरच्या बीअरचे पन्नास लिटरचे पातेले उकळण्यासाठी यांतला कोणता ठेवावा, हे ठरत नव्हते. वाऱ्याने दोन्हींची ज्योत फडफडत होती. घरी बीअर करणे म्हणजे, सरांच्या मते, युरोपीय संस्कृतीचा अभ्यास होता.

त्यांच्याच विभागात शिकवणाऱ्या उत्तमने नकळत पत्र्याचा तुकडा वाऱ्याच्या अंगाला उभा केला आणि जाळावर तळहात धरून पाहिला. "हा ठेवा सर. जाळ पसरट आहे, बुडाला काही करपणार नाही."

"प्राध्यापकमहाशय, ही विद्या कुठली?"

मागे खुर्चीत त्याची आई चहाचा कप धरून बसली होती. हातभट्टीची दारू गाळून तिने त्याचे शिक्षण केले होते आणि त्यापायी दोनदा पोलीस कोठडीही पाहिली होती.

"यूट्यूबवर पाहिलं," उत्तम म्हणाला.

सरांनी हसून आईकडे पाहिले. "खरं का हो, आई?"

"तर काय," ती म्हणाली. "दिसभर त्या मोबाइलातच तोंड घालून बसतोय. आमच्याकडं कुणाला असलं ठावं?"

उत्तम ज्योत बारीक करायला वाकला. ती बारीक झाल्यावरही त्याला मान वर करता येईना.