धावपट्टीवरचे खडे

अण्णांच्या शेवटच्या सदऱ्याच्या खिशात सापडलेले खडे वसुधाला फेकवेनात. ती ते घेऊन जुन्या विमानतळावर आली.

हवाई दलाचा तळ उठून वर्षं लोटली होती. धावपट्टीवर आता गावातल्या बायका मिरच्या वाळवत होत्या. पूर्वी विमान उडण्याआधी जवान रांगेने चालत पट्टीवरचे खडे वेचायचे, कारण इंजिनात एक खडा गेला तरी घात व्हायचा. अण्णांची ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

“कुणाची गं तू?” मिरच्या पसरणाऱ्या मावशींनी विचारलं.

“खडे वेचायला यायचे ना, त्यांची मुलगी.”

“अण्णांची? आम्ही चिडवायचो त्यांना, ‘आटपा, विमान आलं बघा.’ हल्ली दिसले नाहीत ते?”

“गेले. महिना झाला.”

मावशींनी मूठभर मिरच्या चाळवल्या. मग हळूच म्हणाल्या, “तरीच चटणीत कचकच लागतीय.”

वसुधाला महिन्यात पहिल्यांदाच हसू आलं. तिने मुठीतले खडे पट्टीबाहेरच्या गवतात टाकले, ओढणी कमरेला बांधली आणि पायाजवळचा खडा उचलायला वाकली.