गावात एकच वकील

"हे काम मला घेता येणार नाही," किन्सेला वकील म्हणाले. "आणि का घेता येणार नाही, तेही सांगता येणार नाही."

वेस्ना अजून खुर्चीत नीट टेकलीसुद्धा नव्हती. काय काय सांगायचं, ते तिने घरूनच जुळवून आणलं होतं. गेल्या महिन्यात आई बेकरीची भट्टी पेटतीच ठेवून, दार लावून घरी निघून आली. एकदा बनच्या पिठात साखरेच्या जागी मीठ घातलं. डार्कोला, म्हणजे वेस्नाच्या धाकट्या भावाला, तिने दोनदा नवऱ्याच्या नावाने हाक मारली, आणि नवरा तर केव्हाच वारला होता. आईची बेकरी आता कुणीतरी रीतसर ताब्यात घ्यायला हवी होती. ते कुणीतरी म्हणजे आपणच, याबद्दल वेस्नाला तिळमात्र शंका नव्हती.

"अहो, पण निदान ऐकून तरी घ्या!"

"ऐकूनच घ्यायचं नाहीये मला." वकील उठले आणि दार उघडून उभे राहिले. "चार तासांवर दुसरा वकील आहे, त्याच्याकडे जा. गाडी मात्र हळू चालव. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात."

वेस्ना बाहेर उन्हात येऊन उभी राहिली. तिला रागापेक्षा नवलच जास्त वाटत होतं. किन्सेला कुणालाही नाही म्हणत नसत. दुसऱ्याच्या खाणीत शिरून ओपलचे मौल्यवान खडे उकरणाऱ्यांची कामं त्यांनी घेतली होती. दारू पिऊन पोलीस चौकीच्या कुंपणात ट्रक घालणारा पठ्ठ्यासुद्धा त्यांच्यामुळेच सुटला होता. मग आपल्यातच असं काय वाईट आहे?

गाडीची किल्ली फिरवताना तिला तिची मैत्रीण मिर्याना आठवली. मिर्याना घटस्फोटासाठी गेली, तेव्हा तिलाही किन्सेलांनी असंच दार दाखवलं होतं. नंतर कळलं, तिचा नवरा आदल्याच आठवड्यात तिथे जाऊन आला होता. एका बाजूचं काम हातात घेतलं, की वकिलाला दुसऱ्या बाजूचं घेता येत नाही. म्हणजे आपल्याही आधी आपल्या घरातलं कुणीतरी त्या खुर्चीत बसून गेलं आहे.

घरातलं कोण, हे कळायला तिला पुढचा चौकही गाठावा लागला नाही. शेजारच्या मोटेलवाल्याला बेकरीची जागा हवी होती आणि डार्कोला ती विकून समुद्राकाठी राहायला जायचं होतं. कायद्याने सगळं त्याच्या हातात गेलं, तर नाताळपर्यंत भट्टी थंड होणार होती.

बेकरीत डार्को पावांचे ट्रे उतरवत होता. आई टेबलाशी बुरेकसाठी, म्हणजे चीज भरून भाजायच्या वळकटीसाठी, पिठाची पोळी हाताने ताणत होती.

"किन्सेलाकडे कधी गेला होतास?" वेस्नाने दारातूनच विचारलं.

डार्कोच्या हातातला ट्रे वाकडा झाला. "त्या म्हाताऱ्याने सांगितलं तुला?"

"त्याने काहीच सांगितलं नाही. म्हणून तर कळलं."

"म्हणजे तूही गेली होतीस!"

"मी आईच्या काळजीने गेले होते."

"वा! आणि मी काय तिथे प्रार्थनेला गेलो होतो?"

"तू बेकरी विकायला निघालायस."

"आणि तू गिळायला!"

आईसमोर आईबद्दल असं बोलायची दोघांना अलीकडे सवयच लागली होती. ती बिचारी पोळी ताणत राहायची. ऐकते की नाही, हे कुणी वळून बघतही नसे. मुलं वाईट होती असं नाही, पण आपली आई जिवंत आहे हे कधीकधी त्यांच्या लक्षात राहत नसे.

"आणि ओरडतेस कशाला?" डार्को म्हणाला. "सोमवारी मलाही हाकलूनच दिलं त्याने. दार उघडून उभा राहिला. मला वाटलं, तू आधी जाऊन बसलीस."

"मी तर आज गेले."

"आज?"

"आत्ताच येतेय तिथून."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. चेहऱ्यावरून तरी कुणी खोटं बोलत नव्हतं. मग सोमवारच्या आधी गेलं कोण?

"भांडू नका रे," आई म्हणाली. "सगळ्यांत आधी मी गेले होते."

तिचे हात चालूच होते. पोळी इतकी पातळ झाली होती, की खालच्या कापडावरची फुलं दिसायला लागली होती.

"मी विसरायला लागलेय, हे तुमच्या आधी मला कळलं. म्हणून तुमच्या आधी मी गेले. किन्सेलाने डॉक्टरलाही बोलावून घेतलं, माझं डोकं ठिकाणावर आहे ना, ते बघायला. आहे म्हणाला. मग बेकरीचं काय करायचं, माझं कुणी बघायचं, सगळं ठरवून सह्या करून आले."

वेस्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. कसलं, ते तिचं तिलाही कळलं नाही. पण प्रश्न मात्र दोघांच्या तोंडून एकदमच बाहेर पडला.

"मग बेकरी कुणाला दिलीस?"

आईने वर पाहिलं. आधी मुलीकडे, मग मुलाकडे. पोळीवर चीज पसरलं, कडा आत वळवल्या.

"ते काही आत्ता आठवत नाही बाई," ती म्हणाली. "आठवलं की सांगते."

आईला सगळं अगदी लख्ख आठवावं, असं त्या वर्षात पहिल्यांदाच दोघांनाही मनापासून वाटलं.