खुर्च्यांची अदलाबदल

“आता खुर्च्या बदला,” मृणाल म्हणाली. कुटुंब सल्ला केंद्रातली तिची ही पहिलीच केस होती. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरलं की त्याचं दुःख कळतं, हा सिद्धांत तिने परीक्षेपुरता घोकला होता. आज तो पहिल्यांदाच माणसांवर सोडायचा होता. तक्रार सुनेची होती: सासू माहेरी जाऊ देत नाही. मुलगा सुहास दोघींच्या मध्ये मुकाट बसला होता.

रूपाली सासूच्या खुर्चीत ऐसपैस बसली. शेवंताबाई सुनेच्या खुर्चीत जेमतेम टेकल्या आणि पदर सावरत, जणू स्वतःच्या सासूलाच म्हणाल्या, “आत्याबाई, चार दिवस माहेरी जाऊन येऊ?”

“आत्ताच तर दिवाळीला गेली होतीस!” रूपाली हुबेहूब सासूच्या ठसक्यात कडाडली.

“दिवाळीला कुठं? नणंदा आल्या होत्या. राहिलंच की ते...” शेवंताबाईंचे डोळे खरोखरच भरून आले होते.

रूपाली गडबडली. “बरं, जा. पण आधी...”

पुढचं ऐकायला शेवंताबाई थांबल्याच नाहीत. “पलूसला भावाकडं जाते,” म्हणत त्यांनी पिशवी उचलली आणि एसटी स्टँडचा रस्ता धरला.

“अहो, हे नुसतं नाटक होतं!” मृणाल ओरडली.

“आई, थांबा! माझं माहेर वाटेतच आहे!” म्हणत रूपालीही पळाली.

सुहास उठून उभा राहिला. त्याला आता कुठे कंठ फुटला. “मॅडम, मग रात्रीच्या भाकरी कोण थापणार?”

मृणालने त्याच्या दोन्ही बाजूंच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं.

“बसा,” ती म्हणाली. “यांतल्या कुठल्याही खुर्चीत बसा.”