साळूच्या खाण्याची यादी

"लिही," सयाजी म्हणाला, आणि सून अंकितानं वहीचं कोरं पान काढलं. "आधी पाणी, मग वैरण, मग दाणा. दाण्यावर लगेच पाणी पाजायचं न्हाई. घोड्याला ओकता येत न्हाई, पोटात कळ उठली तर जिवावर बेततं."

समोर आष्ट्याचा बाळासो बसला होता. बागायतदार माणूस, घोडी न्यायला टेम्पो घेऊनच दुष्काळी माण तालुक्यात आलेला. सयाजीनं फौजेत वीस वर्षं घोडे सांभाळले होते. आता गुडघे गेले, म्हणून साळूला विकायची वेळ आली. साळू अस्सल भीमथडी जातीची, शिंगरू असताना आणलेली.

"चण लहान दिसती, पण टाप लय टणक. दिवसभर माळ तुडवंल. कोरड्या कडब्यावर जगणारी जात हाय ही. तुमच्याकडं हिरवं लय. उसाचं वाडं हाताशी हाय म्हणून टाकत बसू नका, पोट फुगंल. भिजवलेला हरभरा दोन ओंजळी. आन् मिठाचा खडा."

"आवं आबा, घोडी नेतोय का जावई?" बाळासो हसला.

आतून सयाजीची बायको अंबूबाई कडाडली, "न्या एकदाची ती सवत! बारा वर्सं तिची लीद काढून माझी कंबर मोडली!"

सयाजीच्या गुडघ्यांनी दगा दिल्यापासून वैरणपाणीसुद्धा अंबूबाईच करायची, आणि दोन्ही वेळा साऱ्या आळीला ऐकू जाईल असा घोडीचा उद्धार करायची. साळूचं नाव काही तिनं कधी सरळ तोंडानं घेतलं नाही. बायको इतकी कावलेली, म्हणूनच तर त्यानं मन घट्ट केलं होतं.

टेम्पो गेला. सयाजी रिकाम्या गोठ्यात जाऊन चांगला रडला. अंबूबाई "सुटले बाई" म्हणून चुलीपुढं जाऊन बसली.

चौथ्या दिवशी वाण्याच्या दुकानात बाळासोचा फोन आला. साळू खात नव्हती.

सयाजी काठी घेऊन तसाच निघाला. अंकिता सासूकडं बघत मागून म्हणाली, "मामा, येताना आत्यांना पित्ताच्या गोळ्या आणा. चार दिस नुसत्या चहावर हायत."

"बरं, बरं," म्हणत त्यानं एसटी गाठली.

आष्ट्यात यादी गोठ्याच्या भिंतीला खिळ्यानं ठोकलेली होती. बाळासोनं ती शब्दाला शब्द पाळली होती. कडबासुद्धा माणातनंच मागवलेला. जनावरांचा डॉक्टर दोनदा येऊन गेला. ताप नाही, दात चांगले, पोटही ठीक. पण साळूच्या बरगड्या मोजता येत होत्या.

सयाजीनं ओंजळीत हरभरा धरला. साळूनं त्याचा हात हुंगला, कपाळ त्याच्या छातीला घासलं आणि तोंड फिरवलं. काहीतरी सांगायचं राहिलं, नक्की राहिलं. त्यानं यादी तीनदा वाचली. सगळं होतं.

"आणखी दोन दिवस असंच चाललं तर हाताला लागायची न्हाई, असं डॉक्टर म्हणतोय," बाळासो म्हणाला. "आबा, घेऊन जावा हिला. मुकं जनावर माझ्या दारात मरायला नगं."

दिवस मावळताना टेम्पो परत माणात आला. साळू आपल्या जागेवर मान टाकून उभी राहिली. सयाजीनं गव्हाणीत कडबा टाकला, तिच्या पाठीवरनं हात फिरवला.

"खा गं बाई. खा की माझी आई!"

साळूनं बघितलंसुद्धा नाही. सयाजीचे डोळे भरून आले.

इतक्यात अंबूबाई हातात केरसुणी घेऊन दाराशी आली.

"आलीस व्हय परत माझ्या उरावर? हरभऱ्याच्या राशी सोडून हितं काय ठिवलंय तुझ्या बापानं? माझं थोबाड काय बघतीस, सटवे! गिळ की मेले, गिळ!"

साळूनं कान टवकारले, गव्हाणीत तोंड घातलं आणि कराकरा कडबा चावू लागली.

अंबूबाई जरा वेळ बघत उभी राहिली. मग केरसुणी टाकून उंबऱ्यावर बसली.

"अंकिता," ती म्हणाली, "मला बी वाढ गं. दोन भाकरी आण."