सायकलची किल्ली

"ट्रामच्या रुळात चाक अडकून पडलीस, तर सायकलची किल्ली माझ्याकडे. कायमची," मागून आपल्या सायकलवर येणाऱ्या लिस्बेतने आईला बजावलं. "तू माझ्याकडे नको, रस्त्याकडे बघ गं," अठ्ठ्याहत्तर वर्षांची हेन्ड्रिका मान न वळवता म्हणाली. समोर ॲमस्टरडॅमच्या चौकात ओले रूळ चकाकत होते. रूळ तिरके नाही, आडवे कापायचे, हे वडिलांनी तिला सातव्या वर्षी इथेच शिकवलं होतं. ट्रामची घंटा जवळ आली. तिने हँडल वळवलं. पुढचं चाक पार झालं, मागचंही. तेवढ्यात पाठीमागे धाडकन आवाज झाला. आईवरच नजर असलेल्या लेकीचं चाक रुळात रुतलं होतं. ट्राम करकचून थांबली, हातभर अंतरावर. हेन्ड्रिकाने तिला उठवून सायकलसकट कडेला आणलं, लेकीच्या चाकाला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या खिशात टाकली. "कायमची?" लेकीने हळूच विचारलं.