सात नंबरच्या खोलीतला नळ

"मावशी, थांबा. हात?"

कोपरानं दार लोटून बाहेर आलेल्या मावशी व्हरांड्यातच थबकल्या.

सकाळपासून तपासनीस बाई वृद्धाश्रमात खोलीखोलीतून फिरत होत्या. कुणाला हात लावण्याआधी धुतले का, नंतर धुतले का, एवढंच बघायचं आणि कागदावर खूण करायची. हा वृद्धाश्रम त्यांनी याआधी दोनदा सहकाऱ्यांच्या गळ्यात मारला होता. या खेपेला जमलं नाही.

सहा खोल्यांत मावशींनी बोट ठेवायला जागा दिली नव्हती. सातव्या खोलीत बाई गेल्याच नाहीत, दाराच्या फटीतून पाहिलं. मावशींनी आजींचं अंग पुसलं, वेणी घातली, आणि शेजारचा नळ सोडून सरळ बाहेर आल्या.

"आत नळ आहे ना?"

"आहे की."

"मग? सहा खोल्यांत धुतले आणि इथंच आळस?" बाईंचा आवाज चढला. दोन नर्स वळून बघू लागल्या. बाईंनी ठसठशीत फुली मारली.

मावशींचा चेहरा उतरला. "लिहा मॅडम. पण तिकडच्या बेसिनवर धुते मी. इतके धुते की रेषाच पुसल्या, आता नशीब कुठं बघायचं?" त्या हसल्या, पण ते हसू काही टिकलं नाही.

"खोलीत का नाही?"

मावशींनी आवाज खाली आणला. "आजींना दिसत नाही. पण हात लावल्यावर नळ वाजला की तोंड फिरवतात, मग दिवसभर घास घेत नाहीत. त्यांची लेक यायची म्हणे. आईनं हात धरला की सोडवून घ्यायची आणि नळावर जाऊन चोळचोळून धुवायची. मी लागल्यापासून तर फिरकलीच नाही. पोटच्या पोरीला आईची किळस, मॅडम!"

बाईंचे कान तापले. चारचौघांत मावशींना नाही नाही ते बोलले मी! त्यांनी मान खाली घालून फुली खोडली.

"चुकलं माझं, मावशी."

"असू द्या हो. भेटता का आजींना? माणूस आलं की खुलतात."

बाई आत गेल्या. पलंगाशी उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी आजींचा हात हातात घेतला.

आजींची बोटं त्यांच्या बोटांवरून फिरली, मनगटापाशी थांबली.

"आलीस होय?" आजी म्हणाल्या. "जा, हात धुऊन घे. आईला आता राग नाही येत."