राहिलेली कडी

"कुंदे, एवढं धर आणि मग जा," जयसिंग म्हणाला.

काडीमोड होऊन महिना झाला होता. गॅरेजमागच्या खोलीतलं तिचं शिवणयंत्र टेम्पोत चढलं होतं. पण दुरुस्तीला आलेल्या मोटारसायकलचं ते दोन सिलिंडरचं जुनं विलायती इंजिन एकट्याच्यानं जुळणारं नव्हतं. सकाळपासून जयसिंगनं पिस्टनच्या दोन रिंगा मोडल्या होत्या.

ती खाली बसली. तिनं रिंगा बोटांनी दाबून धरल्या, त्यानं वरून बॅरल, म्हणजे सिलिंडरचं नळकांडं, सोडलं, आणि ते अलगद खाली उतरलं. संसारभर असंच उतरत आलं होतं. तिला वाटलं होतं, इथं पाय ठेवला की राग येईल, निदान रडू तरी. काहीच आलं नाही. बोटं तेवढी तेलकट झाली.

बघत बसलेले मोटारसायकलचे मालक स्टुलावरून म्हणाले, "जयसिंगराव, काय हात आहे तुमचा."

"वडलांची कृपा," जयसिंग म्हणाला. तिच्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

कुंदानं हात पुसायला फडकं उचललं. खाली तारेची इवलीशी कडी पडली होती. पिस्टनची पिन अडकवणारी ती कडी राहिली, तर पिन सरकून बॅरल आतून खरवडून काढते. कडी लावायचं काम कायम त्याचं.

तिनं ती मालकांच्या तळहातावर ठेवली. "ही लावायची राहिलीय. सगळं परत उघडायला लागेल. आणि रिंगा दाबायला मी नसेन."

"कुंदे, थांब जरा," जयसिंग म्हणाला.

ती टेम्पोत पुढं बसली. "चला दादा," ड्रायव्हरला म्हणाली.